तीस वाव उजेड

मोहाला नवी पालवी फुटली आणि डोमा ढिवराच्या घरातला उजेड गेला.

यात मोहाचा काही दोष नव्हता. झाड आपल्या वेळेला पानं गाळतं, आपल्या वेळेला फुलं टाकतं, आणि वैशाखात पुन्हा तांबूस पानांनी भरून जातं. दोष असलाच तर डोमाचा होता. गावच्या वनसमितीनं चिठ्ठ्या टाकून बारा घरांना सोलरच्या पलेटी दिल्या, त्यात डोमाचं नाव निघालं. तो महिना फाल्गुन. अंगणातला मोह तेव्हा उघडाबोडका होता आणि कौलांवर ऊन नुसतं सांडत होतं. डोमानं पलेट कौलांवर बसवली, खाली बॅटरी ठेवली, घरात एक आणि ओसरीत एक असे उजेडाचे दोन टूप लावले आणि सगळ्या खैरटोल्यात छाती काढून फिरला. जन्म त्या झाडाखाली गेलेल्या माणसाला हे झाड पुढे पानं धरणार आहे एवढंही सुचलं नाही. आनंदात माणूस असाच वेंधळा होतो.

खैरटोल्यात विजेचे खांब चार वर्षांपूर्वीच आले होते. तारा यायच्या होत्या. तोवर खांबांना लोक बैल बांधत.

डोमाचा व्याही हेमराज मात्र ऊर्जानगरला राहायचा. मोठ्या पॉवर स्टेशनच्या वसाहतीत, जिथं रस्त्यावरचे दिवे कधीकधी दिवसाही चालू असतात. "मी लाइट बनवतो," असं तो चारचौघांत सांगायचा. त्याचं काम कोळशाच्या पट्ट्यावर होतं. पट्ट्यावरून सांडलेला कोळसा फावड्यानं परत वर टाकायचा. हे डोमाच्या लेकीनं, दामिनीनं, आईला हळूच सांगितलं होतं आणि आईनं, ताराबाईनं, ते आजवर पोटात ठेवलं होतं. लेकीच्या सासऱ्याची लाज आपलीही असते.

दामिनीला दिवस राहिले तेव्हाच हेमराजनं सांगून टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्याला मान्य. पण बिनउजेडाच्या घरात, साप-विंचवाच्या जागी तो सुनेला पाठवणार नाही. मग चैत्रात तो स्वतः येऊन टूप बघून गेला, बटण चार वेळा खालीवर करून गेला आणि "ठीक हाय" म्हणाला. ताराबाईनं त्या दिवसापासून गोधड्या शिवायला घेतल्या.

आणि आता पालवी फुटली. टूप आधी तीन तास चालायचा, मग एक तास, मग पेटून लगेच झोपायचा. आमच्या भागात बातमी एस.टी.च्या आधी पोचते. ऊर्जानगरलाही पोचली.

सोमवारी डोमा आणि ताराबाई मासळी घेऊन सिंदेवाहीच्या बाजाराला गेले. पाटी रिकामी झाल्यावर टेलिफोनच्या डब्यात शिरले. डोमानं नंबर लावला. पलीकडून हेमराजचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"इवाई, मी आयकलो का तुमचा उजेड गेला?"

"गेला नाई जी. सावली येऊन राह्यली."

"सावली म्हना नाई तं काई म्हना. पोरीले सातवा सरत आला. आठवा लागला का मी तिले हलवत नाई. शनिवारी जीप करून आणून राह्यलो. सांजच्याले टूप लागला तं राहीन ती. नाई लागला तं त्याच जीपनं वापस."

"लागन जी."

"त्या मोहाची ती फांदी तोडून टाका ना! कौलावर आली हाय ते."

ताराबाईनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. फोनवर बोलायची तिची ही दुसरीच वेळ, म्हणून ती शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली.

"भाऊ, फांदी नाई तुटत!"

"काऊन बाई?"

"दामिनीचा पाळणा त्याच फांदीले होता. तिच्या लेकराचा बी तिथीच लागन."

पलीकडे हेमराज खाकरला. मग म्हणाला, "शनिवार," आणि फोन ठेवला.

फाट्यावर उतरल्यावर डोमा म्हणाला, "पलेट तलावाच्या पाळीवर नेतो. तिथी दिवसभर ऊन हाय."

"अन् घरापर्यंत उजेड?"

"तार."

घरापासून पाळीपर्यंत, म्हणजे तलावाच्या बांधापर्यंत, डोमानं अंतर मोजलं ते वावांनी. दोन्ही हात पसरले की एक वाव, जाळं मोजायचं ढिवराचं माप. बरोबर तीस वाव भरले. तारेचीही सोय होती. सिंदेवाहीचा मंडपवाला गुलाब जुन्या लायटिंगच्या माळा मोडीत काढत होता. दोन मरळींच्या बदल्यात त्यानं डोमाला तारांचं अख्खं पोतं दिलं होतं, लाल आणि हिरव्या, लग्नांत नाचून नाचून दमलेल्या.

मंगळवारी डोमा पोतं उपसून बसला आणि चूक झाली ती इथंच. ढिवर धागा कसा पारखतो? बोटांत धरतो, दातांत धरून ताणतो. बारीक असून तुटत नसेल तर तो धागा उत्तम. जाड धाग्याचं जाळं मासळीला लांबून दिसतं. डोमानं अख्ख्या पोत्यातून सगळ्यात बारीक दोन तारा निवडल्या, दातांनी ओढून पाहिल्या, आणि खूश झाला.

"पाय, कशी केसावानी हाय," तो बायकोला म्हणाला.

पलेट पाळीवर बांबूला बांधली. बॅटरी तिच्याजवळच, जाळी ठेवायच्या झोपडीत ठेवली. ऊर्जेचं ऊर्जेपाशी असलेलं बरं, असा त्याचा हिशोब. तिथून दोन बारीक तारा बांबूंवरून घरापर्यंत आणल्या. पलेटीनं दिवसभर ऊन खाल्लं. संध्याकाळी डोमानं मोहल्ला बोलावला. बाया आल्या, म्हातारे आले, पाटाच्या शेवटच्या टोकाला शेत असलेला लच्छूही आला. डोमानं चिमणी स्वतः फुंकून विझवली आणि बटण दाबलं.

टूपच्या दोन टोकांना जरासं गुलाबी दिसलं. मग तेही दिसेना.

अंधारात कुणीतरी खोकलं. लच्छू म्हणाला, "डोमाभाऊ, काजवा धरला का जी?"

सगळे हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. ताराबाईला चिमणी पेटवायला काडी सापडेना, आणि ती सापडेपर्यंत डोमा तिथंच बटणावर बोट ठेवून उभा होता. माणूस एवढासा होतो कधीकधी. तो त्या रात्री जेवला नाही.

बुधवारी सकाळी तो सायकलनं सिंदेवाहीला गेला आणि श्रावण खोब्रागडेला घेऊन आला. श्रावण ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. कमी बोलायचा आणि बोलायच्या आधी मीटर लावायचा. आल्याआल्या "जयभीम, बाई" म्हणून तो पाणी प्यायला, आणि पाळीवर जाऊन त्यानं बॅटरीला मीटरच्या काड्या लावल्या.

"साडेबारा. चांगली हाय."

मग घरी येऊन बटण दाबलं आणि टूपच्या जागी काड्या लावल्या.

"सात."

"सात काऊन?" डोमा म्हणाला. "तार तं कुठी तुटली नाई. मी दातानं ओढून पायली."

श्रावणनं ती तार बोटांत धरली आणि त्याला हसू आलं. पण तो लच्छूसारखा हसला नाही.

"तुटली नाई भाऊ, बारीक हाय. एवढ्या लांब येता येता अर्धं रस्त्यातच जिरून जाते."

ताराबाई चुलीपुढून उठून आली. "म्हंजे लच्छूच्या बांधीवानी."

"कसं बाई?"

"तलाव भरून राह्यते. तुडूम उघडलं का पाणी पाटात येते. पण पाट हाय अरुंद. सगळ्याइच्या बांध्या भरते, अन् लच्छूच्या टोकाले जाता जाता नुसती वल होते. तलावात पाणी नाई असं नाई. पाट पुरत नाई."

श्रावण तिच्याकडे पाहत राहिला. "बरोब्बर. होल्ट म्हंजे तलावातली पाण्याची उंची. तार म्हंजे पाट."

"सकाळी सिंदेवाहीहून फोन लावला तं इवाई म्हणते चोवीस होल्ट करा," डोमा पडलेल्या तोंडानं म्हणाला. "त्याइच्या तिथी लाखात होल्ट करते म्हणे, तवा मुंबईपर्यंत जाते."

"खोटं नाई ते. उंची दुप्पट केली तं बारीक पाटातूनही पोचते. पण त्याले अजून एक पलेट लागन, अजून एक बॅटरी, अन् हे टूप बाराचे हायेत, चोवीसवर जळून जाईन. सारं नवं लागन."

"शनिवारपर्यंत?"

"नाई जमत भाऊ. बाराच ठेवा. एका घराले, दोन टूपले बारा पुरते. पाट रुंद करा."

ताराबाई विचार करत होती. ती विचार करू लागली की पदराचं टोक दातांत धरायची. "श्रावणभाऊ, पलेट किती देते?"

"कडक उन्हात? सतरापर्यंत."

"अन् बॅटरीले भराले किती लागते?"

"साडेतेरा-चौदा."

"मंग वरकड तीन तं पलेटीकडेच हाय. अन् बॅटरी तं आपली मोजूनमापून बारा देते. सांडाचंच असन तं वरकड सांडू द्या ना! बॅटरी घरी आना. टूपच्या जवळ. लांबचा पाट पलेटीकडून राहू द्या."

श्रावणनं मीटर खाली ठेवला. वीस वर्षांच्या धंद्यात त्यानं हे शंभर लोकांना समजावलं होतं, आणि शंभरातल्या नव्वदांना समजलं नव्हतं.

"डोमाभाऊ," तो म्हणाला, "बाईले दुकानात पाठवा माह्या."

डोमाची छाती पुन्हा थोडी वर आली. बायकोच्या शहाणपणाची मिरवणूक काढायला त्याला नेहमीच आवडायचं. पण लगेच आठवलं. "तार तरी जाडच लागन ना?"

"लागन. एवढी जाड, एवढी लांब तार सिंदेवाहीत नाई. चंद्रपूरहून आणाव लागन. अन् साठ वाव तांबं म्हंजे…" श्रावणनं पुढचं सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

डोमा ओसरीत बसून पोत्याकडे बघत राहिला. बारीक तारांचं भरलेलं पोतं. मग त्याचे हात आपोआप हलायला लागले. मांडीवर, जसं सुताचे धागे घेऊन वळतात तसे. जाळ्याच्या काठाला जो दोर लागतो तो काही बाजारातून आणत नाहीत. बारीक सुतं सहा-सात एकत्र घेतात आणि पीळ देतात.

"श्रावणभाऊ, सहा तारा एकामेकीत वळल्या, अन् दोन्ही टोकाले सहाही जोडल्या, तं?"

श्रावणनं पोत्यातल्या सहा तारा उचलून बोटांत पिळून पाहिल्या. मग म्हणाला, "तं सहा पाट मिळून एक नहर होते, भाऊ."

गुरुवारी सकाळपासून तलावाच्या पाळीवर दोर वळायचं काम लागलं. मंगळवारी हसलेला मोहल्ला झाडून हजर झाला. हसणं वेगळं आणि मदत वेगळी, दोन्ही आमच्याकडे उधारीवर राहत नाहीत. बायांनी माळांचे दिवे काढले आणि तारांची टोकं विळीवर सोलली. जाळं विणणारी बोटं ती. तुकड्याला तुकडा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळायचं काम त्यांनी दुपारपर्यंत संपवलं. श्रावण प्रत्येक जोड ओढून पाहत होता आणि एकही सुटत नव्हता. मधेच कुणीतरी पाण्याला बोरिंगवर गेलं, कुणी मोहाच्या फुलांच्या भाजक्या लाडवांचं टोपलं आणलं. घामानं तारांवर बोटांचे काळे ठसे उमटले.

एका टोकाला बाभळीचं खोड, दुसऱ्या टोकाला डोमा, हातात सुतळी वळायचा लाकडी ढेरा. लाल तारा सहा, पाळीच्या लांबीला ताणलेल्या. श्रावणनं वाव मोजले आणि डोमाला हाक मारली.

"भाऊ, पस्तीस हाय. तीसच लागते ना? पाच वाव कायले वाया घालवता?"

डोमा पहिल्यांदा त्या आठवड्यात मनापासून हसला. "तुमी होल्टचं पाहा जी. दोराचं मले सांगू नका."

ढेरा फिरू लागला. मधे चार पोरी आणि लच्छू तारा उचलून धरत होते, मातीला लागू नयेत म्हणून. पीळ बसत गेला तसा दोर आखडत गेला, आणि ढेरा हातात घेऊन डोमाला एकेक पाऊल पुढे सरकावं लागलं. लच्छू मोठ्यानं मोजत होता. शेवटी पीळ घट्ट बसला तेव्हा श्रावणनं पुन्हा वाव मोजले. तीस आणि वर एक हात.

"वळला का दोर आखडते," डोमा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ते म्हणायला त्यानं कपाळावरचा घाम पुसून, जरा थांबून घेतलं.

शुक्रवारी हिरव्या सहा तारांचा दुसरा दोर झाला. लाल म्हणजे प्लस, हिरवा म्हणजे मायनस. विसरायला जागा नाही. दोन्ही दोर बांबूंवर चढवले. बॅटरी घरात कोनाड्याखाली, फळीवर आली. श्रावणनं टोकांना कथील लावून सहाही तारा एकजीव केल्या आणि दुपारच्या कडक उन्हात घराच्या टोकाला मीटर लावला. सगळा मोहल्ला त्या काट्यावर वाकला होता.

"सोळा," श्रावण म्हणाला.

ताराबाई सोडली तर कुणालाच सोळा म्हणजे किती ते नक्की ठाऊक नव्हतं, पण श्रावणचा चेहरा पाहून लच्छूनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं डोमाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, माह्या पाटाचं बी असंच काई करता येईन का जी?"

"त्याले ढेरा नाई, कुदळ लागते," ताराबाई म्हणाली.

शनिवारी पाच वाजता जीप आली. आधी हेमराजचे कंपनीचे बूट उतरले, मग हेमराज. मग दामिनी, एक हात पाठीवर, एक हात जीपच्या दाराला. ताराबाई धावली आणि तिनं लेकीला दारातच धरलं. डोमा मागं उभा राहिला. लेकीकडे पाहावं तर डोळ्यांत पाणी येईल आणि व्याह्याकडे पाहावं तर भीती वाटेल, म्हणून तो जीपच्या चाकाकडे पाहत होता.

हेमराजनं पाणीही घेतलं नाही. दोन्ही हात पाठीशी बांधून तो दोराखालून चालत पाळीपर्यंत गेला. पलेटीवर एक खंड्या बसला होता, तो उडाला. हेमराजनं पलेट बघितली, दोर हातात घेऊन बघितला, पीळ बघितला, आणि परत आला.

"किती होल्ट?"

"बारा जी," डोमा म्हणाला.

"मी चोवीस सांगतलं होतं."

डोमानं बायकोकडे पाहिलं. ताराबाईनं पदर सावरला. "तुमचं बरोबर होतं भाऊ. लांब न्याचं असन तं उंची वाढवाव लागते. पण आमाले मुंबईपर्यंत नाई न्याचं. तीस वावच न्याचं हाय. म्हणून आमी पाट रुंद केला."

हेमराजनं मान हलवली, जणू तोही हेच म्हणणार होता. "बराबर हाय. तीस वावाले बारा चालते."

दामिनीनं तोंडावर पदर धरला. तिचं पोट हसण्यानं हलत होतं.

तलावावर सावली उतरली. घरात दिसेनासं झालं. मोहल्ला पुन्हा दारात जमला. पण या वेळी चिमणी विझवायचं धाडस डोमाला होईना. त्यानं बटणाकडे हात नेला आणि मागं घेतला.

"दामिनी, तूच दाब व माय."

दामिनी भिंतीला धरून पुढे आली आणि तिनं बटण दाबलं. टूपच्या दोन टोकांना जरासं गुलाबी दिसलं. डोमानं डोळे मिटून घेतले.

बाहेर मोहल्ला ओरडला तेव्हा त्यानं ते उघडले. घर पांढरं झालं होतं. कोनाड्यातली धूळ दिसत होती, चुलीमागचं जळमट दिसत होतं, आणि मधोमध लेक उभी होती. दोन महिन्यांनी ताराबाई तिचं तोंड नीट पाहत होती.

"किती वाळली व तू," ताराबाई म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं. डोमाही रडला. लच्छूही रडला, त्याचं कारण काही कळलं नाही.

"ठीक हाय," हेमराज म्हणाला. "पेटी उतरवा."

जीपच्या मागून दामिनीची मोठी पत्र्याची पेटी निघाली. डोमा चकित झाला. एका संध्याकाळपुरत्या आलेल्या माणसाची एवढी पेटी? त्यानं आणि लच्छूनं ती ओसरीत आणली आणि ताराबाईनं कडी काढली. वर बाळाची टोपडी होती. त्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काचेवरची चिठ्ठीही न काढलेला नवा कोरा कंदील होता. शेजारी रॉकेलची भरलेली बाटली, बुचाला कापड घट्ट बांधलेलं.

सगळ्यांनी हेमराजकडे पाहिलं.

"मामाजी, हे कवा ठेवलं?" दामिनी म्हणाली.

हेमराजनं बूट जमिनीवर घासले. फावडं धरून धरून घट्टे पडलेले त्याचे हात एकमेकांत अडकले. "असू द्या म्हटलं. लाइट कवा जाईन त्याचा भरवसा नाई. आमाले ठाऊक राह्यते ते."

"म्हंजे टूप लागला नसता तरी…" डोमा म्हणाला.

"पोरीनं महिनाभर जेवण नीट केलं नाई जी. माय, माय करून राह्यली होती. वापस नेऊन मी काय करणार होतो?"

ताराबाई कंदील उचलून अंगणात गेली. ओसरीतला उजेड मोहाच्या बुंध्यापर्यंत येत होता. कौलावर आलेल्या त्या फांदीला तिनं कंदील टांगला, न पेटवता, नुसता. तिथं तो आता राहणार होता.

हेमराज तिच्या मागोमाग आला. त्यानं मान वर करून फांदीकडे पाहिलं, बराच वेळ.

"इहीनबाई, पाळणा हिलेच ना?"

"हिलेच."

"मजबूत हाय?"

"तुमीच पाहा."

हेमराजनं बूट काढून बाजूला ठेवले. दोन्ही हातांनी फांदी धरली, पाय वर घेतले आणि आपलं सगळं वजन तिच्यावर टाकून तो लोंबकळत राहिला. नवी पानं सळसळली. फांदी जरा झुकली आणि तशीच राहिली.